पोवळ्यांच्या गावचा गलबला

झाक कुस्तो या फ्रेंच दर्यावर्दीने १९५६ साली समुद्राच्या पोटातली दुनिया रुपेरी पडद्यावर आणली, तेव्हा त्या बोलपटाला नाव दिले ‘निःशब्द जग’. याच नावाचे त्याचे पुस्तक आधीच गाजलेले होते. बोलपटाला त्या साली फ्रान्समधल्या कान गावच्या महोत्सवात पहिल्या मानाचे पारितोषिक मिळाले. गावाचे नाव कान. पण समुद्र खरोखरच मुका असतो काय, हे विचारावे असे तिथे कोणाला वाटले नाही!

त्या बोलपटात एक प्रसंग आहे. कुस्तोची माणसे पोवळ्यांच्या एका खडकापाशी सुरुंग लावतात. कशासाठी? तर तिथे माशांच्या जाती किती आहेत हे मोजण्यासाठी. स्फोट होतो, मासे मरतात, आणि मंडळी ते गोळा करून वाळूवर मांडतात. सगळ्या जातींची नोंद करायची तर याखेरीज दुसरा मार्ग नाही, असे स्पष्टीकरणही सोबत आहे. खानेसुमारीसाठी गावच उडवून द्यावे आणि प्रेते मोजून लोकसंख्या लिहावी, त्यातलाच हा प्रकार. कुस्तोला बोल लावून मोकळे होण्यात अर्थ नाही. पुढे हाच गृहस्थ समुद्राच्या रक्षणासाठी जगभर घसा कोरडा करीत फिरला. पण मोजल्याशिवाय वाचवता येत नाही आणि मोजायला जावे तर मारावे लागते, हा पेच त्या काळी खरा होता. तो आता सुटू लागला आहे. आणि तो सोडवण्यात, जिच्या नावाने सध्या जो तो एक तर आरती ओवाळतो नाही तर बोटे मोडतो, त्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा हात आहे. आमच्या वाचकांनी तिच्याविषयी जमिनीवरचे पुष्कळ ऐकले असेल. आज जरा पाण्यातले ऐकवतो.

पोवळ्यांच्या खडकापाशी पाण्यात कान दिला, की पहिल्याने ऐकू येते ती तडतड. तापल्या तेलात मोहरी पडावी तशी. फरक इतकाच, की ही फोडणी रात्रंदिवस चालू असते. ती घालणारी सुगरण म्हणजे बोटाएवढी एक कोळंबी. तिचा एक डेंगा दुसऱ्याच्या मानाने भलताच मोठा असतो, आणि ती तो इतक्या झपाट्याने मिटते की पाण्याची चिळकांडी उडून तिच्यामागे एक बुडबुडा तयार होतो. तो बुडबुडा मिटतो, त्याचा हा आवाज. डेंगा आपटल्याचाच हा आवाज अशी पुष्कळ वर्षे सर्वांची समजूत होती. २००० साली शीघ्रगती कॅमेऱ्याने चित्रे घेतली तेव्हा खरा प्रकार उजेडात आला. एक कोळंबी म्हणजे एक लवंगी फटाका, पण खडकात त्या असतात हजारोंनी. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुडीचा कानोसा घेत बसलेल्या नौसैनिकांना या लवंगीच्या माळेने अगदी भंडावून सोडले होते.

या तडतडीवर मग माशांचे बोलणे. मासे आपल्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूंचा ठेका धरतात, दात घासतात, गुरगुरतात, हुंकारतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला तर नुसता बाजार भरतो. जिवंत खडक म्हणजे गजबजलेला गाव. आणि मेलेला खडक? तिथे सगळे चिडीचूप. सर्वांत भेसूर शांतता म्हणे समुद्रातच अनुभवावी, तीही जिथे आधी गलबला होता अशा जागी.

आता पोवळे म्हणजे काय, हे थोडक्यात. पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंगळाच्या शांतीसाठी घातलेली तांबडी अंगठी येते. ते रत्न ज्या प्राण्यापासून मिळते, तो प्रामुख्याने भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या जागी राहतो. खडक बांधणारी पोवळी त्याची दूरची भावंडे. तांदळाच्या दाण्याएवढ्या लहानग्या जिवांची ही वसाहत चुन्याची घरे बांधते, घरावर घर चढते, आणि हजारो वर्षांत त्याचा खडक होतो. समुद्राच्या तळाचा एक टक्कासुद्धा भाग या खडकांनी व्यापलेला नाही. पण समुद्रातल्या जीवजातींपैकी सुमारे चौथा हिस्सा कधी ना कधी यांच्या आश्रयाला येतो. या बांधकाम खात्याचे पोट भरते कोण, तर त्याच्याच अंगात बिऱ्हाड करून राहिलेले सूक्ष्म शेवाळ. ते उन्हावर अन्न शिजवते आणि बहुतेक सगळे घरमालकाला देते. असा भाडेकरू मुंबईत शोधून सापडायचा नाही! पण पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की यांचे बिनसते. पोवळे भाडेकरूला बाहेर काढते, त्याच्याबरोबर रंगही जातो, आणि पांढराफटक पडलेला तो जीव उपाशी राहतो. पाणी लवकर निवले तर वाचतो. नाही तर नाही.

ही झाली उन्हाची गोष्ट. माणसाच्या हाताने पोवळी कशी मरतात हे पाहायचे तर इंडोनेशियात, सुलावेसी बेटाच्या नैर्ऋत्येला मकास्सर बंदरासमोर जावे लागेल. तिथे स्परमोंडे नावाचा लहान लहान बेटांचा पुंजका आहे. या भागात वर्षानुवर्षे बाटलीत खत आणि रॉकेल भरून, वात लावून ती पाण्यात टाकायची आणि वर आलेले मासे वेचायचे, अशी मासेमारी चालली. कुस्तोने जे एकदा मोजणीसाठी केले, ते इथे गरिबीने रोज पोटासाठी केले. मासे काय, पुन्हा जन्मतात. पण खडकाचा झाला चुरा. हा चुरा प्रवाहाबरोबर इकडून तिकडे घरंगळत राहतो, आणि घरंगळत्या खड्यावर पोवळ्याचे पोर बूड टेकू शकत नाही. त्यामुळे सुरुंग थांबले तरी पुढे अनेक वर्षे तिथे काही रुजत नाही.

यावर निघालेली युक्ती अगदी साधी आहे. लोखंडी सळयांचे षट्‌कोनी सांगाडे करायचे, त्यांवर वाळूचा लेप द्यायचा, जिवंत पोवळ्यांचे तुकडे त्यांना बांधायचे, आणि असे शेकडो सांगाडे एकमेकांना जोडून त्या चुऱ्यावर जाळ्यासारखे पसरायचे. चुरा दबतो, तुकडे वाढतात. बोंतोसुआ बेटावरच्या लोकांनी हे काम हातात घेतले. आणि पैसा कोणी पुरवला म्हणता? चॉकलेट करणाऱ्या मार्स नावाच्या अमेरिकन कंपनीने. मार्स म्हणजे मंगळ! पोवळे हे मंगळाचे रत्न असल्याचे त्या कंपनीच्या कानावर कोणी घातले असेलसे वाटत नाही, पण आमच्या ज्योतिषी मित्रांनी हा दाखला अवश्य टिपून ठेवावा. याच कंपनीच्या मांजराच्या खाद्याची जाहिरात म्हणून २०२१ साली तिथल्या एका खडकाची ‘आशा’ या अर्थाच्या इंग्रजी अक्षरांत मांडणी जगाला दाखवण्यात आली. मांजराने माशांची चिंता वाहावी, यात निदान मांजराची काही लबाडी नाही.

तर सांगाडे टाकले, पोवळी वाढली. पण गाव खरोखर वसला, की नुसत्या रिकाम्या चाळी उभ्या राहिल्या? हे कळायचे तर पाणबुड्याने उतरून मासे मोजायला हवेत. पाणबुडा उतरतो दिवसा, तासभर. त्याला पाहून भित्रे मासे कपारीत शिरतात. रात्री जे बाहेर पडतात ते त्याला दिसतच नाहीत. म्हणून तिथे हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायचा मायक्रोफोन, नेऊन ठेवला. तो खात नाही, पीत नाही, घाबरवत नाही, रात्रंदिवस टिपत राहतो. अडचण उलट बाजूने आली. तासच्या तास साठलेले ते ध्वनिमुद्रण ऐकणार कोण? एका तज्ज्ञाने दिवसभर कानाला यंत्र लावून बसायचे म्हटले, तर एका खडकाच्या एका मोसमातच तो निवृत्तीला यायचा.

यंत्राला कामाला लावले ते इथे. २०२२ साली ब्रिटनमधल्या बेन विल्यम्स, टिम लॅमाँट प्रभृती संशोधकांनी स्परमोंडेच्या धडधाकट आणि उजाड खडकांवरची ध्वनिमुद्रणे संगणकाला दिली. हा खडक चांगला, हा वाईट, असे नमुने दाखवले. आणि मग न सांगता नवी मुद्रणे पुढे ठेवली. शंभरात ९२ वेळा त्याने बरोबर सांगितले.

यात चमत्कार काही नाही, आणि जे चमत्कार म्हणून सांगतात त्यांच्यापासून वाचकांनी दूर राहिलेले बरे. बाजारातली कोळीण सुरमईकडे एकदा बघते आणि कालची की आजची ते सांगते. तिला कोणी नियम शिकवले? लहानपणापासून हजारो मासे डोळ्यांखालून गेले, डोळा तयार झाला. या यंत्राचेही तेच. आवाजाचे प्रथम चित्र करतात, आडवा काळ, उभा स्वर. त्या चित्रांत कोळंबीची तडतड पावसासारखी दिसते, माशाचा हुंकार एखाद्या वेलांटीसारखा. अशा हजारो वेलांट्या पाहून यंत्र त्यांची जात ओळखू लागते. त्याला मासा म्हणजे काय ते ठाऊक नाही. ओलेपणाही ठाऊक नाही.

आम्हांला सर्वांत गंमत वाटली ती पुढच्या खटपटीची. पोवळ्यांच्या खडकांवरची, ‘हा अमुक आवाज’ अशी चिठ्ठी लावलेली मुद्रणे जगात मूठभर; तेवढ्यावर शिकलेला शिष्य कच्चाच राहणार. पक्ष्यांच्या आवाजांचा साठा मात्र अमाप, कारण पक्षी ऐकत हिंडणारे हौशी लोक देशोदेशी आहेत. तेव्हा विल्यम्स आणि गूगल कंपनीतले त्यांचे सहकारी यांनी यंत्राला आधी पाखरांची भाषा शिकवली आणि मग माशांच्या शाळेत घातले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असे दिसले, की पाखरांवर तयार झालेला कान माशांचे आवाज फार थोड्या नमुन्यांवर उचलतो. सतारीवर हात बसलेल्याला सरोद लवकर यावी, तसेच म्हणा ना! माशांची मुद्रणे ऐकून चिठ्ठ्या लावण्याच्या कामाला मात्र माणसेच लागली. त्यासाठी २०२३ पासून साध्या, शास्त्र न शिकलेल्या लोकांना हाक देण्यात आली, आणि ठिकठिकाणच्या घरबशा मंडळींनी शेकडो तासांची मुद्रणे ऐकून, मासा बोलला की खूण केली.

मलेशियाच्या तेरेंगानू किनाऱ्यावर हेच काम माणसाचा उघडा कान करीत आला आहे. तिथे ‘जुरु सलाम’ म्हणून मच्छीमार असतात; ते होडीवरून पाण्यात डोके बुडवून ऐकतात, आणि कोणता थवा, कुठे, किती, हे सांगतात, मग जाळे पडते. ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची. आता मुले शिकत नाहीत आणि होड्यांची इंजिने पाण्यात दुसरे काही ऐकू देत नाहीत. यंत्राचा कान तयार होतो आहे आणि माणसाचा जातो आहे, एकाच समुद्राच्या काठी. यंत्रवाल्यांनी त्या म्हाताऱ्यांकडे जाऊन चार दिवस बसावे असे आमच्या मनात येते. फी द्यावी लागली तर द्यावी.

नुसते ऐकूनच हे लोक थांबलेले नाहीत. बोलूही लागले आहेत. याच लॅमाँट यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर लिझर्ड बेटाजवळ मेलेल्या पोवळ्यांचे ढीग रचून काही ढिगांपाशी पाण्याखाली लाउडस्पीकर लावले, आणि त्यांवर निरोगी खडकाचा गलबला वाजवला. २०१९ साली त्यांनी कळवले, की चाळीस दिवसांत तिथे मुक्या ढिगांच्या दुप्पट मासे आले आणि राहिले. वाजंत्री ऐकून वऱ्हाड यावे, आणि लग्नघर नसले तरी मुक्काम ठोकावा, तसा हा प्रकार! पुढे कॅरिबियनमधल्या व्हर्जिन बेटांवर झालेल्या प्रयोगात पोवळ्यांची पोरेसुद्धा अशा आवाजाकडे अधिक संख्येने येऊन बसली. कान नसलेल्या त्या कणाएवढ्या जिवाला हे कसे उमगते, हा वेगळ्या लेखाचा विषय.

काटेरी मुकुटाचा तारामासा हे पोवळ्यांचे दुसरे दुखणे. वीसपर्यंत हात, अंगभर विषारी काटे, आणि आहार मुख्यतः पोवळी. क्वीन्सलंडच्या तंत्रज्ञान विद्यापीठाने २०१५ साली एक पाणबुडा यंत्रमानव दाखवला. तो कॅमेऱ्याने हा तारामासा हुडकतो आणि त्याला पित्तक्षाराची सुई टोचतो. संशय वाटला तर टोचत नाही, फोटो काढून मालकाला दाखवतो. ही सभ्यता पुष्कळ सुई टोचणाऱ्यांनी घेण्याजोगी आहे. मात्र प्रत्यक्ष मोहिमेत अजून माणसेच पिचकारी घेऊन उतरतात. तिथल्या संशोधकांना असेही आढळले, की घरातला साधा व्हिनेगरसुद्धा त्या तारामाशाला पुरतो.

बॅरिअर रीफवरची पोवळी वर्षातून एकदा, ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, म्हणजे पुष्कळ वर्षी आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, एकाच वेळी बीज सोडतात. समुद्रावर गुलाबी साय धरते. हा सोहळा विज्ञानाला कळला तो १९८० च्या दशकाच्या आरंभी. आता त्या रात्री टाउन्सव्हिलच्या प्रयोगशाळेत जागरण असते; टाक्यांत जमवलेल्या बिजांतून पोरे वाढवायची आणि उजाड खडकावर नेऊन सोडायची. किती जगली, किती गेली, हे पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली माणसे एकेक करून मोजीत. आता टाकीवर बसवलेला कॅमेरा आणि त्याच्या मागचे यंत्र मोजू लागले आहे. काम रुक्ष आहे. पण रात्री तीन वाजता डोळे चोळीत ठिपके मोजणाऱ्या पोरापोरींना विचारा, कृत्रिम बुद्धिमत्ता चांगली की वाईट!

एवढे ऐकून वाचकाला वाटेल, झाले तर मग, पोवळी वाचली. तसे नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फ्लॉरिडाजवळचे पाणी इतके तापले, की पोवळ्यांच्या रोपवाटिका पाण्यातून उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवाव्या लागल्या. सोंब्रेरो नावाच्या खडकावर बरीच वर्षे पुनर्लागवड चालली होती. त्या जुलैत तिथे गेलेल्या पाणबुड्यांना एकही पोवळे जिवंत आढळले नाही. जानेवारी २०२३ ते मार्च २०२५ या काळात जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला पांढरे पाडण्याइतकी उष्णता लागली. आपल्या लक्षद्वीपमध्ये खडकावरचे जिवंत पोवळ्यांचे आच्छादन १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के होते, ते २०२२ पर्यंत १९ टक्क्यांच्या घरात आले. सुलावेसीच्या सांगाड्यांवरचा खडक चार वर्षांत निरोगी खडकाच्या वेगाने वाढू लागतो, असे २०२४ मध्ये मोजून सिद्ध झाले, ही बातमी खरीच आनंदाची. पण तिथे लावलेली पोवळी बहुतांशी झटपट वाढणाऱ्या फांदीदार जातींची, आणि उन्हाला पहिल्याने बळी पडणारी जातही तीच. शिवाय जे यंत्र हे सारे ऐकते-मोजते, ते विजेवर चालते, आणि जगातली कितीतरी वीज अजून कोळशावर होते. एका खोलीत पंखा लावायचा आणि दुसऱ्या खोलीत शेगडी पेटवायची, याला घर गार करणे म्हणत नाहीत.

तरीसुद्धा आम्हांला हा कान हवासा वाटतो, आणि कुठे हवा तेही सांगतो. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर भर समुद्रात एक बुडालेले पठार आहे. त्यावर पोवळी आहेत. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला अँग्रिया बँक म्हणतात. माथ्यावरच वीस मीटर पाणी, वर उघडा समुद्र. तिथे पाणबुड्यांनी वारंवार जाऊन मोजदाद करणे म्हणजे खर्चाचे आणि जिवाचे काम. तळाशी हायड्रोफोन ठेवून यावा, चार महिन्यांनी उचलून आणावा, आणि यंत्राला विचारावे, गाव नांदता आहे ना? आंग्र्यांच्या आरमाराला दर्यावरची खबर राखायला पुष्कळ हेर लागत. इथे एक डबी पुरेल.

शेवटी एक गोष्ट राहिली. २०२५ मध्ये कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटावर संशोधकांनी चहूबाजूंनी पाहणारा कॅमेरा आणि अनेक हायड्रोफोन एकत्र जोडून कोणता आवाज कोणत्या माशाचा हे हुडकले. ४६ जातींचे आवाज ओळखता आले, आणि त्यांतल्या अर्ध्याहून अधिक माशांना आवाज आहे हे त्याआधी कोणाला ठाऊक नव्हते. सुलावेसीच्या खडकांवर मात्र अजून असे आवाज नोंदलेले आहेत, की यंत्र त्यांना एकमेकांपासून अचूक वेगळे काढते, रात्री किती वाजता किती वेळा आले ते सांगते. पण ते कोण काढतो, ते अजून कोणी पाहिलेले नाही.